डाव्या कानातला आवाज

होळी सरली की आमच्या नांदेडच्या गल्लीत कडुलिंबाला मोहोर येतो आणि पोरांच्या तोंडचं पाणी पळतं. वरची खोली मी भाड्यानं दिलीय. देगलूरकडच्या तीन पोरी राहतात. पहाटे पाचला त्यांचा गजर होतो आणि उठतो मी. दिवसभर जिन्यात वर-खाली करताना त्यांच्या कानांतून पांढऱ्या वायरी लोंबत असतात. आता सर खिशातच असतात म्हणे. बटण दाबलं की शिकवायला लागतात, पुन्हा दाबलं की गप्प. आमच्या वेळी असे सर मिळाले असते तर मीही शिकलो असतो.

त्यातली एक पोरगी वायरीचं एकच बोंड कानात घालते, दुसरं गळ्याशी मोकळं सोडते. मला ते बघवत नाही. परवा न राहवून मी तिला जिन्यात अडवलं.

"बाळ, त्या दुसऱ्या कानानं नीट ऐकू येतं ना तुला?"

"हाव काका. का बरं?"

"काही नाही. सहज."

ती वर गेली आणि थोड्या वेळानं तिघींचं हसणं खाली आलं. स्वयंपाकघरातून आमची मंगल म्हणाली, "अहो, घरमालकानं नळाचं विचारावं, लाइटचं विचारावं. कानाचं काय विचारता पोरींना?" एवढं बोलली. मग भाजी चिरायचा आवाज थांबला. मंगल अशी थांबली की मला कळतं, तिला तो लातूरचा उन्हाळा आठवलाय.

आम्ही तेव्हा लातूरला होतो आणि आमची रेणू बारावीला. लातूर म्हणजे भूकंपातून उठून थेट परीक्षेला बसलेलं गाव. ज्या रस्त्यांवरून आम्ही एकेकाळी पत्रे, ताडपत्र्या आणि मदतीची पोती जाताना बघितली, त्याच रस्त्यांवरून आता सायकली जात, मागच्या कॅरिअरला झेरॉक्सचे गठ्ठे. चौकाचौकांत पहिल्या आलेल्या पोरांचे फोटो, माणसापेक्षा मोठे. घराघरांतून खाटांवर पोरं भाड्यानं ठेवलेली. नळाला पाणी आठ-आठ दिवस येत नसे, पण क्लासच्या वेळा चुकत नसत. पाण्याचा टँकर आला की पोरं घागरी घेऊन रांगेत उभी राहत आणि रांगेतही ओठ हलवत. कुणी मारुतीस्तोत्र म्हणतंय वाटावं, तर तो सेंद्रिय रसायनशास्त्राचा धडा असायचा.

पंचायत समितीत मी कारकून. पण माझा खरा जीव दोन गोष्टींत: वस्तू उघडून बघण्यात आणि गोष्टी सांगण्यात. मी उघडलेली वस्तू पुन्हा बंद होत नसे आणि सुरू केलेली गोष्टही. पंखा दुरुस्त करायला घेतला की मंगल मुकाट्यानं हातपंखा शोधायला लागे. बंद पडलेल्या एका इंटरनेट कॅफेतून मी जुना कॉम्प्युटर उचलून आणला तेव्हा तिनं एवढंच विचारलं, "हा आधीच बिघडलेला आहे, का तुम्ही बिघडवणार आहात?"

त्या कॉम्प्युटरचं मी काय करायचं ते जानेवारीतच ठरवलं होतं. रेणूच्या क्लासात अडीचशे पोरं. सर गळ्यात माईक अडकवून बोलत, खोलीभर भोंगे लावलेले. रेणू घरी आली की तिची वही अर्धी रिकामी असे. "सर फार भरभर बोलतात, पप्पा." मग मला युक्ती सुचली. शेजारच्या हुशार पोरीच्या वह्या आणायच्या, मी त्या माईकवर मोठ्यानं वाचायच्या, कॉम्प्युटरवर भरून ठेवायच्या आणि रेणूनं त्या हेडफोन लावून ऐकायच्या. जेवताना ऐक, वेणी घालताना ऐक. माझा आवाज खणखणीत. घरातल्या प्रत्येक लग्ना-बारशाला मी गोष्ट सांगितल्याशिवाय पंगत उठत नाही. हा आवाज आता लेकीच्या कामी येणार होता.

गावच्या भजनी मंडळानं टाकून दिलेला माईक माझ्याकडे होता आणि एक छोटा ॲम्प्लिफायर. माईकची वायर ॲम्प्लिफायरला, ॲम्प्लिफायरची वायर कॉम्प्युटरच्या मागच्या निळ्या भोकात. खोलीच्या खिडक्या बंद, पंखा बंद. मार्चच्या उकाड्यात उघड्या अंगानं मी मायटोकाँड्रिया वाचत असे. विज्ञानात मी दहावीला काठावर पास झालेला माणूस. 'एंडोप्लाझमिक रेटिक्युलम' हा शब्द मी तीन वेळा धावत जाऊन अडखळत पार केला, आणि तिन्ही उड्या त्यात भरल्या गेल्या. मानवी हृदयाच्या धड्यात कुकरच्या चार शिट्ट्या आहेत. वनस्पतींच्या प्रजननात खाली भंगारवाला ओरडतो आणि मी मध्येच म्हणतो, "मंगल, ती जुनी बादली दे त्याला."

पहिल्याच दिवशी लक्षात आलं, आवाज फक्त डाव्या कानात येतोय. उजवीकडे चिडीचूप. कॉम्प्युटरच्या पडद्यावर दोन पट्टे दिसत, वरचा डाव्या बाजूचा, खालचा उजव्या बाजूचा. वरच्या पट्ट्यात माझा आवाज हिरव्या काटेरी कुंपणासारखा उठलेला, आणि खालच्या पट्ट्यात नुसती सरळ रेघ. अर्धं रान पेरलेलं आणि अर्धं पडीक.

मग मी मागे लागलो. हेडफोन बदलून पाहिला. आवाज कमी-जास्त करायच्या खिडकीत डावं-उजवं करायचा एक काटा असतो, तो मध्ये होता. तरी इकडून तिकडे दहादा सरकवला. वायर बदलली. रेकॉर्डिंगचा प्रोग्राम काढून पुन्हा टाकला. डबा उघडून साऊंड कार्ड उपसलं, त्याचे पितळी दात रेणूच्या खोडरबरनं घासून परत बसवलं. खालची रेघ काही हलेना. रोज कचेरीतून आलं की आधी धडा वाचायचा, मग ती रेघ हलवायला बसायचं. मंगल म्हणायची, "अहो, ऐकू येतंय ना? मग एका कानात काय अन् दोन कानांत काय." मी म्हणायचो, "तुला नाही कळायचं." आता वाटतं, तेव्हा घरात एकट्या मलाच काही कळत नव्हतं.

आता रेणूची गोष्ट सांगायला हवी. म्हणजे ती माझी गोष्ट, मी सांगत असलेली.

भूकंप झाला तेव्हा रेणू दहा महिन्यांची होती. निलंग्याकडच्या आमच्या गावी आम्ही सगळे गणपतीला गेलेलो. विसर्जन करून, दमून झोपलेलो. माळवदाचं घर, भिंती दोन-दोन हात रुंद, वर मातीचं ओझं. मी आणि मंगल अंगणात खाटेवर होतो, उकडत होतं म्हणून. घरात दादा, वहिनी, त्यांची दोन लेकरं, आणि तुळईला बांधलेल्या झोळीत रेणू. दादा आणि वहिनी दाराच्या उंबऱ्यापाशी सापडले, जिवंत. त्यांची दोन्ही लेकरं सापडली ती तशी नाही. थोरला सात वर्षांचा, धाकटी चार वर्षांची.

रेणूची तुळई तिरकी पडून अडकली होती आणि झोळी तिच्याखाली. उजाडल्यावर शेजारच्या माणसांनी हातांनी माती उपसली. रेणू डाव्या कुशीवर, मातीत अर्धी रुतलेली, आणि डोळे उघडे. रडतसुद्धा नव्हती. मी ही गोष्ट इथून पुढे फार रंगवून सांगत असे. "आम्ही उचलली, झटकली, वरून खाली बघितली, अंगावर ओरखडा नाही! डाव्या कानात तेवढी माती भरलेली. केवढी? मुठीएवढी! आमच्या वहिनीनं पदराच्या टोकानं काढली. त्या कानातल्या मातीत आम्ही यंदा तूर पेरणार होतो!" इथं लोक हसत. मी हसायची जागा बरोबर धरून ठेवलेली असे. ऐकणाऱ्यांत वहिनीही असायच्या. त्या कधी हसल्या का, ते मी बघितलेलं नाही. गोष्ट सांगणारा माणूस हसणाऱ्यांकडे बघतो.

रेणू त्या गोष्टीत वाढली. शाळेत पहिल्या दिवशी मी ती बाईंना सांगितली. पाहुणा आला की रेणूला बोलावून समोर उभं करायचो आणि सांगायचो. वर्षानुवर्षं. ओरखडा नाही.

फेब्रुवारीत एका संध्याकाळी मी कचेरीतून आलो तर रेणू ओट्यावर हेडफोन लावून बसलेली, डोळे मिटून, हातात वही. माझाच आवाज ऐकत होती. मी कौतुकानं जवळ गेलो आणि बघतो तर तिनं हेडफोन उलटा घातलेला. 'डावा' लिहिलेला उजवीकडे, वायर भलत्याच बाजूला.

"अगं, बारावीला बसलीस ना तू? डावं-उजवं लिहिलेलं वाचता येत नाही?"

मी माझ्या हातांनी हेडफोन काढला, फिरवला आणि नीट घालून दिला. वर डोक्यावर टपली मारली. तिनं माझ्याकडे बघितलं. काहीतरी बोलायला तोंड उघडलं, मग मिटलं आणि हसली. "बरं पप्पा," म्हणाली.

त्या दिवसापासून रेणूनं हेडफोन कधी उलटा घातला नाही. दीड-दोन महिने रोज दोन-दोन तास ती हेडफोन सरळ घालून, डोळे मिटून बसलेली मी बघितली. येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवली. "बघा, बाप शिकवतोय आणि लेक ऐकतेय."

त्यांच्या क्लासची एक रीत होती. दर रविवारी परीक्षा आणि मंगळवारी निकाल. निकालाप्रमाणे बाकं. जास्त मार्कांची पोरं पुढे, मधल्या रांगेत. मार्क घसरले की एकेक बाक मागे, मग कडेला. रेणू दिवाळीपर्यंत तिसऱ्या बाकावर होती. संक्रांतीला आठव्या. मार्चमध्ये ती खोलीच्या उजव्या कडेच्या अगदी शेवटच्या बाकावर, भिंतीला चिकटून बसत होती. म्हणजे सरांकडे आणि भोंग्याकडे तिची डावी बाजू, आणि उजवा कान भिंतीला. हे मला तेव्हा नुसतं बाक म्हणून माहीत होतं. बाक मागे गेलं की मी घरात रागानं पुढचं ताट सरकवायचो.

गुढीपाडव्याच्या आदल्या दिवशी मी तिला विचारलं, "काल रेणूबाईंनी हृदयाचा धडा ऐकला का?"

"ऐकला."

"मग सांग, अशुद्ध रक्त कुठल्या कप्प्यात येतं?"

ती ताटातला घास बोटानं फिरवत राहिली.

"कुकरच्या शिट्टीच्या आधीच सांगितलंय मी. ऐकलंस ना?"

"ऐकलं पप्पा."

"मग?"

मंगल मध्ये पडायला आली. मी तिला हातानं बाजूला केलं. आणि मग मी जे बोललो ते इथं लिहितो. न लिहिलं तर ही पुन्हा माझी जुनीच गोष्ट होईल. मी म्हणालो, "बाप उकाड्यात मरतोय आणि तुला बसून ऐकायचंही जड जातंय. त्या ढिगाऱ्यातून दादाची दोन लेकरं निघाली असती ना, तर त्यांनी घराण्याचं नाव काढलं असतं."

रेणू उठली, ताट मोरीत ठेवलं, हेडफोन घातला, सरळच, आणि खोलीत जाऊन बसली. मंगल माझ्याशी तीन दिवस बोलली नाही. गुढी उभारली ती एकटीनं.

त्या रविवारी मी कॉम्प्युटरचा डबा, हेडफोन आणि सगळ्या वायरी घेऊन गंजगोलाईच्या बाजारामागच्या गल्लीत सत्तारभाईंकडे निघालो. सत्तारभाई म्हणजे रेडिओच्या काळापासूनचे मेकॅनिक, माझ्या वडिलांचा ट्रान्झिस्टरही त्यांनीच जिवंत ठेवलेला. आता ते टीव्ही, कॉम्प्युटर, काय येईल ते उघडत. आणि मिटवतही. डबा स्कूटरवर मांडीत धरून बसायला कुणीतरी हवं, म्हणून रेणूला मागे बसवलं. तेवढ्यासाठीच ती आली होती.

सत्तारभाईंनी चष्मा कपाळावरून नाकावर घेतला. "क्या हुआ साब, फिरसे खोल के बैठे थे क्या?"

"एकाच बाजूनं आवाज येतोय. सगळं करून बघितलं."

"तुम्ही सगळं करून बघितलं, म्हणून तर आलाव." त्यांनी वायरी जोडल्या, माझी हृदयाची फाईल लावली आणि हेडफोन रेणूच्या डोक्यावर ठेवला. "तू सुन बेटा. अपने कान पुराने हो गए."

बटण दाबलं. पडद्यावर हिरवं कुंपण पळायला लागलं.

"चालू करा की चाचा," रेणू म्हणाली.

सत्तारभाईंनी पडद्याकडे बघितलं, मग तिच्याकडे. "चालू हाय."

रेणूच्या चेहऱ्यावरचा रंग गेला. सत्तारभाईंनी हेडफोन उचलला, फिरवला, पुन्हा घातला.

"आता?"

"आता येतंय," ती अगदी हळू म्हणाली.

मी आनंदानं म्हणालो, "म्हणजे हेडफोनची वायर गेली! मला वाटतच होतं."

सत्तारभाई माझ्याकडे वळले. "साब, जरा कोपऱ्यावर तीन चहा सांगून या. घेऊनच या. त्याच्याकडं आज पोऱ्या न्हाई."

मी चहा घेऊन आलो तेव्हा रेणू स्टुलावर खाली मान घालून बसलेली होती आणि सत्तारभाई तारांना डाग द्यायची सळई तापवत होते. त्यांनी ॲम्प्लिफायरच्या वायरीची पिन माझ्यासमोर धरली.

"ये देखो. हिला एकच काळी रिंग. म्हणजे आवाजाची तार एकच. मशीनचं भोक दोन तारांचं. डावीला मिळालं, उजवी उपाशी. ह्या दोन तारा जोडून देतो, दोन्हीकडं सारखं जाईल. नायतर प्रोग्राममध्ये स्टीरिओ लिहिलंय तिथं मोनो करा. जुन्या फायली बी दुरुस्त होतात. पाच मिनिटाचं काम."

पाच मिनिटांत ते झालंही. वायर गुंडाळून माझ्या हातात देताना ते मराठीत बोलायचं विसरले. "मशीन ठीक है साब. बच्ची को डॉक्टर के पास ले जाओ. बाएँ कान से कुछ नहीं सुनती वो. बचपन से." मग थांबून म्हणाले, "चाय ठंडी हो रही है तुम्हारी."

परतताना मी स्कूटर रस्त्याकडेच्या कडुलिंबाखाली थांबवली. रेणू डबा मांडीत धरून तशीच बसून राहिली.

"तुला ठाऊक होतं?"

"हाव."

"कधीपासून?"

"शाळेत टेलिफोन-टेलिफोन खेळायचो ना, काडेपेटीचा. माझ्या एका कानात वाजायचंच नाही. आधी वाटलं, सगळ्यांचं तसंच असतं."

"मग बोलली का नाहीस? मी हेडफोन फिरवला तेव्हा तरी?"

"तुम्ही किती खुश होता, पप्पा."

"अगं पण..."

"आणि बोलू कुणापाशी?" आता तिचा आवाज चढला. "काकूची दोन लेकरं गेली. तुम्ही काकूसमोर मला उभी करून सांगता, ओरखडा नाही. त्यांच्यासमोर मी कोणत्या तोंडानं म्हणू, माझा एक कान गेला म्हणून? दोन लेकरांपुढं एक कान काय असतो, पप्पा?"

वरून मोहोर पडत होता, तिच्या केसांवर, डब्यावर. तो झटकायला मी हात पुढे केला आणि मागे घेतला. या डोक्याला मी शेवटचा हात लावला तो हेडफोन नीट करायला.

कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं की नसच मेलेली आहे, अगदी लहानपणी. आता काही करता येणार नाही, आणि तेव्हाही कदाचित आलं नसतं. मी जरा सुटकेचा श्वास सोडला असावा. डॉक्टरांनी चष्म्यावरून बघितलं. "पण वर्गात उजवा कान सरांकडे करून बसवलं असतं तर बरंच भागलं असतं. सतरा वर्षांत घरात कुणाच्याच लक्षात आलं नाही?" मी बोलणारा माणूस. त्या दिवशी मी टेबलावरची चिठ्ठी उचलून तिच्या घड्या घालत बसलो.

क्लासच्या सरांना भेटायला गेलो. माणूस वाईट नव्हता, फक्त दमलेला होता. त्यांनी ऐकून घेतलं, हळहळले. म्हणाले, "साहेब, बाक मार्कांवर मिळतं. एकीला कानासाठी दिलं तर उद्या पन्नास जण कान धरून येतील." मग म्हणाले, "आता राहिलेत तरी किती दिवस?" ते खरंच होतं. मोजून दोन रविवार उरले होते.

रेणूनं मेडिकलची प्रवेश परीक्षा दिली. माझ्या सगळ्या फायली मी दोन्ही कानांत वाजतील अशा करून दिल्या. तिनं त्या ऐकल्या का नाही, मी विचारलं नाही. सरकारी मेडिकलच्या यादीत तिचं नाव लागलं नाही. थोडक्यात हुकलं. थोडक्यात हुकलेलं जास्त लागतं, कारण त्या थोडक्याचा हिशेब माणसाला करता येतो. मागे गेलेली बाकं. दोन महिने. ती फार्मसी शिकली, आज अहमदपूरला नवऱ्यासोबत औषधांचं दुकान चालवते. गिऱ्हाईक उजव्या हाताला येईल असं काउंटर तिनं स्वतः करून घेतलंय. लोक म्हणतात, छान झालं की पोरीचं. छानच झालं. ते छान माझ्यामुळे झालेलं नाही, एवढंच.

पण त्या उन्हाळ्याचा शेवट मला निकालात आठवत नाही. तो आठवतो गावी, निकालाच्या आधी, मे महिन्यात.

आमचं गाव आता भूकंपानंतरचं नवं गाव. सरळ रांगा, एकसारखी काँक्रीटची घरं, उन्हात तव्यासारखी तापणारी. घराला नंबर असतो, पण आमच्याकडं अजून "दादाचं घर" असंच म्हणतात. दादा-वहिनींना पुन्हा मूल झालं नाही. उन्हाळ्यात कुरडया घालायला आम्ही सगळे तिथं जमत असू. त्या दिवशी चुलतभावाची नवी सून आली होती. सकाळी उन्हं तापायच्या आत गच्चीवर जुन्या लुगड्यांवर कुरडया घालून झाल्या, बायका खाली सावलीत टेकल्या, आणि चुलतभाऊ म्हणाला, "अप्पा, सूनबाईला सांगा की तुमची ती गोष्ट. रेणूची. झोळीची."

सगळे सावरून बसले. मी सवयीनं घसा खाकरला. समोर भिंतीला टेकून रेणू बसलेली, तिच्या उजवीकडे वहिनी. रेणू माझ्याकडे बघत होती. 'सांगू नका' अशी ती नजर नव्हती, 'सांगा' अशीही नव्हती. कान सांगितला तर वहिनींसमोर तिचं सतरा वर्षांचं मौन मोडत होतं. ओरखडा नाही म्हटलं तर आणखी एकदा मी तिच्यावर माती लोटत होतो.

मी अंगण सांगितलं, खाट सांगितली, तिरकी तुळई सांगितली. उजाडेपर्यंत आलो. माती उपसणाऱ्या हातांपर्यंत आलो. आणि पुढचं वाक्य तोंडातून निघेना.

"मग?" नवी सून म्हणाली. "लागलं का न्हाई बाळाला?"

चुलतभाऊ मदतीला धावला, "न्हाई, न्हाई! वरखडा बी..."

"लागलं," वहिनी म्हणाल्या.

त्या कधी मध्ये बोलत नसत. सगळे तिकडे बघायला लागले. वहिनींच्या हातांना चिकाचं पीठ वाळून चिकटलं होतं, ते त्या नखानं काढत होत्या.

"डावा कान गेला तिचा. रगत आलतं मातीसंगं. म्या पुसलं."

मला वाटलं, अंगण पुन्हा हलतंय. "वहिनी, तुम्हाला ठाऊक होतं?"

"म्या धुतलं तर मला ठाव नसंल? त्या दिवशी मला दुसरं काय काम व्हतं भावजी? माझ्या लेकरांचं धुवायला कुणी देईना मला. म्हनून हिचं धुत बसले."

"मग इतकी वर्षं बोलला नाहीत?"

"सांगितलं की. तवाच सांगितलं व्हतं मंगलला बी अन् तुमाला बी. आठ दिसांनी. तुमी म्हनलाव, वहिनी, तिला काय बी झालेलं न्हाई, तुमच्या डोस्क्यावर परिनाम झालाय." त्यांनी नख झटकलं. "मला वाटलं, असंल बाबा. मग ती बसाय लागली, चालाय लागली, मला दिसत गेलं. पर तुमी ती गोष्ट इतक्या हौसंनं सांगायचाव. म्हनलं, राहू द्या. घरातलं एक तरी लेकरू धडधाकट हाय म्हनून कुनाला तरी वाटू द्या."

मंगलनं पदर तोंडाला लावला. मला ते वाक्य बोलल्याचं आठवत नव्हतं. आजही आठवत नाही. पण ते माझंच वाक्य आहे, त्याची घडण मी ओळखतो.

रेणूनं वहिनींच्या खांद्यावर डोकं टेकलं होतं. "काकू, म्हणून तुम्ही कायम माझ्या या अंगाला बसता?"

"दुसऱ्या अंगाला बसून काय करू बाई? भिंतीशी बोलू?"

कुणीतरी हसलं. रेणूही हसली. मग सूनबाई चहा करायला उठली, बाकीची माणसं तिच्यामागे पांगली. मी जाऊन रेणूजवळ टेकलो. उजवीकडे जागा नव्हती, तिथं वहिनी होत्या. डावीकडे बसलो. पाडव्याच्या आदल्या दिवशी मी जे बोललो होतो, त्याबद्दल बोलायचं होतं. बराच वेळ बोललो, अगदी हळू, तिच्या कानापाशी तोंड नेऊन. ती वहिनींचे हात हातात घेऊन त्यांच्या बोटांवरचं वाळलेलं पीठ सोलत होती. तिला काही ऐकू गेलं नाही. मी बोलत राहिलो.